नोंदवहीतले प्रश्न: खान्देशातील निसर्गनोंदी

दिवाळी सरली, भुसावळजवळच्या हतनूर जलाशयावर बदके उतरू लागली आणि पत्रांचा ढीग वाढला. या खेपेला बहुतेकांची विचारणा एकाच वळणाची आहे: पाहिले ते लिहायचे कसे आणि द्यायचे कुणाला? सगळ्यांना उत्तर देणे जागेअभावी शक्य नाही. इतरांच्याही कामी येतील अशी पत्रे निवडली आहेत, तीही थोडी कापून.

सातपुड्याच्या पायथ्याशी भर दुपारी सागाच्या वाळक्या फांदीवर छोटे घुबड बसलेले दिसले. मोबाइलवरचा फोटो लांबचा आणि धूसर आहे. मित्र म्हणतात रानपिंगळाच. नोंद टाकू का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, शहादा)

टाका, पण जातीचे नाव लिहिण्याआधी फोटो पुन्हा मोठा करून पाहा. ‘दिवसा दिसला’ हा पुरावा होत नाही; साधा पिंगळाही ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. आधी डोके पाहा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठसठशीत असतात; रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे, राखी-तपकिरी, ठिपके असलेच तर पुसट. मग छाती: रानपिंगळ्याची छाती गडद तपकिरी, तिच्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. घोटाळा करणारा तिसरा आहे जंगल पिंगळा. त्याच्या डोक्यासकट अंगभर बारीक आडव्या रेघा असतात. फोटोत यातले काहीच दिसत नसेल तर ‘लहान घुबड, जात निश्चित नाही’ असे लिहून थांबा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जातीऐवजी गट निवडता येतो, आयनॅचरलिस्ट या सगळ्या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर कुळापाशी थांबता येते. अशी नोंद कमी प्रतीची ठरत नाही. चुकीच्या नावाची नोंद मात्र पुढच्याला भलत्याच रानात पाठवते.

तुम्ही शहाद्यात राहता, म्हणून याच पक्ष्याचे उदाहरण देतो. पक्षिशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूमने १८७३ मध्ये रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतरचे मोजके नमुने जिथून गोळा झाले, त्यात जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात टिपलेले खान्देशातले नमुने होते. शेवटचा अस्सल नमुना १८८४ चा. मग रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाने गुजरातेत मांडवीजवळ १९१४ मध्ये एक पक्षी मिळाल्याचा दावा केला. पुढे सिद्ध झाले की तो संग्रहालयातला चोरलेला जुना नमुना होता. चिठ्ठी तेवढी नवी आणि खोटी. मधल्या काळात शोध घेणाऱ्यांच्या हिशेबात ती खोटी जागा आणि खोटे साल दोन्ही धरले गेले. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षी अभ्यासकांनी खोटी नोंद बाजूला सारून जुन्या अस्सल ठिकाणांचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा ११३ वर्षांनी पुन्हा दिसला, तो तुमच्या शहाद्याजवळच. शंभर वर्षांपूर्वी नमुन्यासोबत नीट लिहिलेले ठिकाण इतक्या वर्षांनी कामी आले.

पक्षी पुन्हा दिसला तर तारीख, वेळ, झाड, बसण्याची उंची, तो काय करत होता आणि तुम्ही किती लांब होता हे तिथेच लिहा. घरी येऊन लिहिलेल्या वर्णनात पुस्तकातला पक्षी शिरतो. आवाज वाजवून त्याला बोलावू नका, ढोलीजवळ थांबू नका. ढोलीचे ठिकाण कुठल्याही गटावर टाकू नका. ते फक्त वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

रेल्वेच्या नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी हतनूरला जात असे. १९८६ पासूनच्या अकरा वह्या आहेत. कुठे तारीख आहे पण वेळ नाही, कुठे फक्त ‘बदके भरपूर’. याचा आता कुणाला उपयोग आहे का? (निवृत्त कर्मचारी, भुसावळ)

उपयोग आहे, आणि उशीर करू नका. वाळवी वाट पाहत नाही. पहिले काम टंकनाचे नव्हे, फोटोंचे. प्रत्येक पानावर पेन्सिलने वही क्रमांक आणि पान क्रमांक टाका, मग खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, एकेका पानाचा सरळ वरून फोटो घ्या. कोरी पानेही सोडू नका, नाहीतर मधले पान हरवले की कोरे होते हे पुढे कळत नाही. फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा.

मग संगणकावर तक्ता. एका भेटीतला एक पक्षी म्हणजे एक ओळ. तारखेसाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने करा. हा सल्ला खटकेल, पण ‘५/१/८८’ ही ५ जानेवारी एक्सेलच्या अमेरिकी मांडणीत १ मे होते, आणि मे महिन्यात हतनूरवर हिवाळी बदकांची झुंबड दिसू लागते. पक्ष्याच्या नावासाठी दोन रकाने: वहीत आहे तसे नाव आणि आजचे नाव. वहीतले नाव कधीही दुरुस्त करू नका. तेव्हा ‘व्हाइट आयबिस’ म्हणून लिहिलेला पांढरा शराटी आज ‘ब्लॅक-हेडेड आयबिस’ या नावाने सापडतो. हे नामांतर तुम्हाला पाठ असेल, पण तुमच्या नातवाला नसेल. शेवटचा रकाना शंकेचा ठेवा. आज आठवून वाटणारी भर त्याच रकान्यात, ‘आठवणीतून’ असे लिहून.

ई-बर्डवर जुन्या याद्या चढवता येतात. पक्षी पाहायलाच गेला होता, पण सुरुवातीची वेळ, कालावधी किंवा अंतर माहीत नाही, अशा भेटींसाठी तिथे ‘हिस्टॉरिकल’ हा प्रकार आहे. वेळ अंदाजाने भरू नका. संख्या लिहिलेली नसेल तर आकड्याच्या जागी ‘एक्स’ टाका. त्याचा अर्थ होता, पण मोजला नाही. ‘बदके भरपूर’ हेसुद्धा ‘बदक, जात अनिश्चित’ म्हणून ‘एक्स’सह जाते आणि तुमचे मूळ शब्द शेऱ्यात जातात.

एक प्रश्न तिथे हमखास विचारला जातो: ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे का? तुम्ही फक्त विशेष पक्षी लिहीत असाल आणि कावळा, चिमणी, साळुंकी सोडून देत असाल, तर उत्तर ‘नाही’. बहुतेक जुन्या वह्यांचे उत्तर ‘नाही’ असते. इथे उगाच ‘हो’ म्हटले की १९८६ मध्ये भुसावळ परिसरात चिमण्याच नव्हत्या असा अर्थ निघतो.

ठिकाणाचेही तसेच. ‘हतनूर’ म्हणजे भिंत, गाव, की चांगदेवकडचा फुगवटा? आठवत असेल तर लिहा. नसेल तर जलाशयाच्या मध्यावर बिंदू ठेवून शेऱ्यात ‘नेमकी जागा अज्ञात’ असे नमूद करा.

आमच्या गटात सगळे व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात आणि मी ते गोळा करून नोंदी करतो. पण ठिकाण कुठेच मिळत नाही. (निसर्गप्रेमी, जामनेर)

मिळणार नाही. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते आणि त्यात दडलेली माहिती, म्हणजे वेळ आणि अक्षांश-रेखांश, गळून जाते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, तर मूळ फाइल येते. अर्थात काढणाऱ्याच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तरच. कॅमेऱ्याचे घड्याळही एकदा तपासायला लावा. बॅटरी संपून तारीख १ जानेवारीवर गेलेले कॅमेरे पुष्कळ आहेत.

गटासाठी एक नियम पुरे: फोटोसोबत एक ओळ. गाव, तालुका, जिल्हा, तारीख, कुणी पाहिले. तालुका हवाच, कारण वडगाव आणि पिंप्री एकेका जिल्ह्यात किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्याचा उगम सापडत नाही असा पुढे ढकललेला फोटो नोंदीत घेऊ नका, कितीही सुंदर असला तरी.

अक्षांश-रेखांश हाताने उतरवताना दोन चुका ठरलेल्या. पहिली अदलाबदल: जळगावचे साधारण २१.०१ उत्तर, ७५.५६ पूर्व. उलटे भरले की तुमचा भारद्वाज उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जातो. ती निदान नकाशावर दिसते. दुसरी लपून राहते: २१ अंश ३० मिनिटे म्हणजे २१.३० नव्हे, २१.५०. या एका चुकीने जागा सुमारे २२ किलोमीटर सरकते, खान्देशातच राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दशांश चिन्हानंतर चार अंक ठेवा. ते सुमारे ११ मीटरपर्यंत अचूक असते. त्यापुढचे अंक फोन दाखवतो, पण त्यांना अर्थ नसतो.

शाळेतल्या मुलांकडून आयनॅचरलिस्टवर दोनशे नोंदी करून घेतल्या. निम्म्याहून जास्त ‘कॅज्युअल’, म्हणजे संशोधनाच्या दर्जाबाहेरच्या, ठरल्या. काय चुकले? (शिक्षिका, शिरपूर)

मुलांचे फारसे चुकलेले नाही. पहिल्या दिवशी मुले शाळेच्या बागेतली जास्वंद, कुंपणाशेजारची केळी, मुख्याध्यापकांचा कुत्रा यांचे फोटो काढतात. आयनॅचरलिस्ट माणसाने लावलेल्या आणि पाळलेल्या जीवांसाठी नाही. अशी नोंद ‘लागवडीतील किंवा पाळीव’ म्हणून खूण करायची असते आणि ती कॅज्युअलमध्येच जाते. बांधावर आपोआप उगवलेला तरोटा चालतो, वाफ्यातला झेंडू नाही. कपाशीचे झाड नाही, पण त्यावर बसलेला किडा चालतो, आणि तो अधिक मोलाचा.

उरलेल्यांत तारीख किंवा ठिकाण नसेल. तेही भरले असेल तर मग ओळखीवर येऊन अडते. ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनाला चालणारा दर्जा, मिळायला फोटो किंवा आवाज, तारीख, ठिकाण आणि ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिकांचे जातीवर एकमत लागते. म्हणजे किमान दोघे. मुलांनी वर्गात एकमेकांच्या नोंदींवर पाठोपाठ ‘सहमत’ दाबणे हा खेळ बंद करा. ओळखता येत नसताना दिलेली सहमती पुसायला तज्ज्ञांचा वेळ जातो. ॲप सुचवते ते नावही अंतिम नाही. लहान कीटकांमध्ये ते बऱ्याचदा दुसऱ्याच प्रदेशातली जात पुढे करते. अशा वेळी वंशापाशी किंवा कुळापाशी थांबा.

फोटो कसा काढायचा हे शिकवले तर अर्धे काम होते. झाडाचे चार फोटो एकाच नोंदीत: पूर्ण झाड, पानाची वरची आणि खालची बाजू, फूल किंवा फळ, खोडाची साल. पानाशेजारी दहा रुपयांचे नाणे. एका नोंदीत एकच जीव. इंटरनेटवरून घेतलेला फोटो टाकायचा नाही, हे पहिल्याच तासाला बजावा.

तेरा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय खाते उघडता येत नाही. तुमच्या खात्यातून टाका आणि शेऱ्यात ‘सातवी, गट ३’ असे लिहा, मुलाचे नाव नको. परवान्याच्या जागी ‘सर्व हक्क राखीव’ निवडू नका. खुल्या परवान्याच्या रिसर्च ग्रेड नोंदी पुढे जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जातात आणि संशोधकांना तिथूनच मिळतात.

आमच्या महसूल मंडळाच्या केंद्रावर पाऊस नोंदला जातो आणि शेतात वेगळाच पडतो. घरी पर्जन्यमापक बनवता येईल का? विम्याला ती नोंद चालेल का? (केळी उत्पादक, रावेर तालुका)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी, म्हणजे अपेक्षा राहणार नाही: चालणार नाही. हवामान आधारित फळपीक विम्यात ठरवून दिलेल्या केंद्राचीच आकडेवारी धरतात. तरीही मापक बनवा. पाण्याच्या पाळ्या, फवारणी आणि विहिरीचा हिशेब यांसाठी तुमच्या शेतातला पाऊसच खरा.

थंड पेयाची बाटली कापून पट्टीने मोजण्याची युक्ती सर्वत्र सांगतात. तिचा तळ उंचसखल असतो, त्यामुळे पहिले काही मिलिमीटर खोटे येतात. त्याऐवजी नरसाळे आणि कॅन घ्या. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास आतून मोजून १६ सेंटिमीटर असेल तर तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला २०.१ मिलिलिटर पाणी जमते. दुसऱ्या मापाचे नरसाळे असेल तर व्यासाला व्यासाने गुणा, आलेल्या संख्येला ०.७८५ ने गुणा आणि दहाने भागा; उत्तर म्हणजे एका मिलिमीटरचे मिलिलिटर. खाली पाच लिटरचा कॅन ठेवा. दोन लिटरचा कॅन शंभर मिलिमीटरला भरून वाहतो, आणि नेमका तोच दिवस नोंदायचा असतो.

कॅन निम्म्याहून जास्त जमिनीत पुरा, नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि पाणसळीने सपाट. यापेक्षा खाली ठेवले तर मातीवरून उडालेले शिंतोडे आत जातात. आडोशापासूनचे अंतर आडोशाच्या उंचीच्या दुप्पट तरी हवे: अडीच मीटरच्या केळीपासून पाच मीटर, आठ मीटरच्या कडुलिंबापासून सोळा. केळीच्या बागेत मधोमध ठेवलेला मापक पाऊस कमी दाखवतो आणि पानावरून धार लागली तर जास्त. नरसाळ्यात जाळीचा तुकडा टाका. पाला आणि गांधीलमाशीचे घर हे दोन शत्रू.

वाचन रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेला. तेव्हा मोजलेला पाऊस त्याच दिवसाच्या तारखेला लिहायचा, जरी तो आदल्या संध्याकाळी पडला असला तरी. मनाने मागच्या तारखेला लिहिले की मंडळाच्या आकड्याशी तुमचा आकडा कधीच जुळणार नाही. ५०० मिलिलिटरचे मोजपात्र घ्या, उरलेले थोडे पाणी इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा. पाऊस नाही त्या दिवशी ‘०’ लिहा. पाहायचे राहून गेले तर ‘०’ नव्हे, आडवी रेघ. तीन दिवसांनी मोजले तर ‘तीन दिवसांचा मिळून’ असे लिहा, तीन दिवसांत वाटून टाकू नका. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ गणला जातो.

मापक लागला की विहिरीचीही नोंद सुरू करा. कठड्यावर रंगाची खूण करून दर वेळी तिथूनच टेप सोडा. पंप बंद होऊन किती तास झाले ते शेजारी लिहा. थ्री-फेज वीज त्या आठवड्यात रात्रीच्या पाळीला असेल तर सकाळची पातळी उपशाने उतरलेली असते. पुढच्या आठवड्यात वीज दिवसा आली की तीच विहीर सकाळी भरल्यासारखी दिसते आणि पाणी वाढले असा भ्रम होतो.

गाडीच्या पडद्यावर मे महिन्यात ४८ अंश दिसले, फोटो आहे. नोंद म्हणून पाठवू का? (वाचक, अमळनेर)

नको. गाडीतला तापमापक बंपरजवळ, डांबराच्या आणि इंजिनाच्या उष्णतेत असतो. मोबाइलचा आकडा तुमच्या गावात मोजलेला नसतो, गणिताने काढलेला असतो. हवेचे तापमान पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजतात. जळगाव-भुसावळचा उन्हाळा तसाही पुरेसा तापतो, त्याला बंपरची मदत नको.

आमच्या ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही बाहेरच्या संस्थेने भरून दिली. त्यात नारळ आणि समुद्री मासे आहेत. मी समितीची सदस्य आहे. आता काय करता येईल? (धडगाव तालुका)

नोंदवही पुन्हा करता येते, करायलाच हवी. जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि नोंदवही हे त्या समितीचे काम आहे. बाहेरचे लोक मदतनीस असतात. सही समितीची असते, चूकही समितीच्या नावावर राहते. आधी बैठकीत ठराव घ्या की सध्याच्या नोंदवहीत अमुक पानांवर गावात नसलेल्या जाती आहेत आणि दुरुस्ती हाती घेतली आहे. ठरावाची प्रत पंचायत समितीला आणि नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाला. जुनी पाने फाडू नका. आडवी रेघ मारून तारीख घाला.

भरताना पाडा हा घटक धरा. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एका दुपारी बसून झालेल्या नोंदवहीत पुरुषांना ठाऊक असलेली झाडे तेवढी येतात. रानभाज्या बायकांना विचारा आणि त्या पावसाळ्यातच विचारा, भाजी हातात असताना. मोर, बर्टी यांसारखी भरड धान्ये कोण अजून पेरते, बियाणे कुणाकडून आणते, हे पेरणीच्या वेळी. आमचूरसाठी कोणत्या आंब्याच्या कैऱ्या घेतात, त्या झाडांना गावात काय नाव आहे, हे उन्हाळ्यात, वाळवण पसरलेले असताना. आठवडे बाजार हाही नोंदीचा भाग आहे: मोहफुले, चारोळी, डिंक कुठल्या महिन्यात येतात, माप कोणते, भाव काय. एक पूर्ण वर्ष लागेल. घाई झाली की पुन्हा नारळ येतो.

नाव लिहिताना आधी पावरी किंवा भिली बोलीतले नाव, सांगणाऱ्याने उच्चारले तसे, मग मराठी, शेवटी शास्त्रीय. शास्त्रीय नावाची खात्री नसेल तर रकाना रिकामा ठेवा आणि फुला-पानांचा नमुना वर्तमानपत्रात दाबून त्याला क्रमांक द्या. पुढे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पाहू शकतील. एकाच नावाखाली दोन झाडे आणि एका झाडाला दोन पाड्यांत दोन नावे, हे दोन्ही होते. जुळवून टाकू नका, दोन्ही लिहा.

औषधी माहितीबाबत सावध राहा. वैदूने सांगितलेल्या झाडाचे नाव लिहा. कृती, प्रमाण आणि मिश्रण त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय कागदावर आणू नका. संमती असली तरी ती पाने वेगळी, समितीच्या ताब्यात. एकदा संगणकावर चढून फिरू लागलेली कृती परत घेता येत नाही. समितीच्या क्षेत्रातून व्यापारासाठी जैविक संपत्ती गोळा करणाऱ्यांवर शुल्क लावण्याचा अधिकार कायद्याने समितीला दिला आहे, म्हणून नोंदवहीत काय आहे आणि काय नाही याला पैशाचाही अर्थ आहे.

शेतात मांडूळ निघाले. फोटो आणि शेताचे लोकेशन फेसबुकवर टाकले. दोन दिवसांत ‘वजन किती?’ असे विचारणारे फोन आले. (शेतकरी, चाळीसगाव)

वजन विचारणारा निसर्गप्रेमी नसतो. पोस्ट आत्ताच काढा, फोन क्रमांक जपून ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा. मांडूळ बिनविषारी, उंदीर खाणारे, शेतकऱ्याच्या फायद्याचे. दोन तोंडांच्या आणि गुप्तधनाच्या गप्पांवर त्याची चोरटी विक्री चालते. ते पकडणे, बाळगणे, विकणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे.

नोंद मात्र करा. आयनॅचरलिस्टवर ठिकाण झाकण्याची सोय आहे. मग नकाशावर नेमका बिंदू न दिसता ०.२ अंशाची चौकट दिसते, आपल्याकडे साधारण २२ बाय २१ किलोमीटर. धोक्यातील बऱ्याच जातींचे ठिकाण आपोआप झाकले जाते, पण त्यावर विसंबू नका, स्वतः खूण करा. आणखी एक फट आहे. त्याच सकाळी त्याच बांधावर काढलेल्या फुलपाखराची नोंद उघडी ठेवली, की मांडुळाची चौकट कुठे ते हुशार माणसाला कळते. त्या सकाळच्या सगळ्याच नोंदी झाका. फोटोत मागे विहीर, मंदिर किंवा ओळखू येणारी टेकडी असेल तर कापून टाका. हेच खवल्या मांजर, चांदणी कासव आणि घुबडांच्या ढोलीबाबत.

जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत आम्ही तिघे एकाच थव्याचे तीन आकडे सांगतो: ४००, ७००, १२००. खरा कोणता? (वरणगाव)

तिन्ही लिहून ठेवा, पण पुढच्या खेपेला पद्धत बदला. थव्याच्या एका टोकाला दहा पक्षी खरोखर मोजा, तेवढी जागा डोळ्यात धरा आणि ती जागा थव्यावर पुढे सरकवत न्या. थवा मोठा असेल तर आधी पन्नासचा ठोकळा. नवखे लोक मोठा थवा जवळजवळ नेहमी कमी मोजतात, त्यामुळे तुमच्यातला १२०० वाला बढाईखोर असेलच असे नाही. सराव घरी होतो: परातीत ज्वारीची मूठ पसरा, पाच सेकंदांत अंदाज सांगा, मग दाणे मोजा. आठवडाभरात हात बसतो.

आधी थव्याचा एकूण आकडा, मग जातींचे प्रमाण. थापट्या, तलवार बदक, लालसरी एकत्र बसलेल्या असतात. दुर्बिणीतून तीन-चार ठिकाणी शंभर-शंभर पक्षी घेऊन त्यात कोण किती ते पाहा आणि एकूण आकड्याला ते प्रमाण लावा. वारकरी वेगळे मोजा. काठालगत त्यांची दाटी असते आणि ते बदकांच्या आकड्यात मिसळून जातात.

सकाळी पूर्व काठावर उभे राहा म्हणजे ऊन पाठीशी येते. पश्चिमेकडून पाहिले तर सगळी बदके काळी. धुके उठेपर्यंत मोजणी सुरू करू नका. तिघे तीन ठिकाणी असाल तर हद्द आधी ठरवा, एखादे वाळलेले झाड किंवा पंपघर, आणि घड्याळे जुळवा. मोजणी चालू असताना थवा उडाला तर वेळ आणि दिशा लिहा, नाहीतर तोच थवा दुसऱ्याच्या वहीत पुन्हा चढतो. मासेमारीची होडी आली, कुत्री धावली, वरून शिकारी पक्षी गेला, हे शेऱ्यात घ्या. अंदाजाच्या आकड्यापुढे ‘अंदाजे’ आणि प्रत्यक्ष मोजलेल्यापुढे ‘मोजून’ लिहा. ‘१,१८७ अंदाजे’ असले आकडे मात्र पाठवू नका. अंदाज असेल तर ‘१,२००’.